दुसरी चिठ्ठी

बाहेर दौगवा नदी गोठायला लागलीय.
आत, संग्रहालयाच्या तळघरात,
स्कायद्रीते एक जुनी बाटली उघडते.
झाकणाचं रबर कुरकुरतं, मद्यार्काचा वास सुटतो
आणि एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं जंगल
पाय दुमडून काचेच्या वाटीत उतरतं.

लांडगा-कोळी. जाळं न विणणारे,
वाळक्या पानांवरून धावत सावज गाठणारे.
एकूण एकवीस.
सगळे तपकिरी, सगळ्यांच्या पाठीवर
फिकट पट्टा, विंचरलेल्या भांगासारखा.
ओयार्सनं तेव्हा सगळ्यांना एकच नाव दिलं होतं,
पेन्सिलीनं, कारण शाई मद्यार्कात विरघळते.
पेन्सिल टिकते. ओयार्स टिकला नाही.

हे शेवटचं वाक्य माझं.
ती असलं काही बोलत नाही.
ती म्हणते, "दिवा थोडा डावीकडे घे."

आता कळलंय, ते एक नाव नव्हतंच.
एका नावाखाली निदान दोन जाती, कदाचित तीन,
एकाच बाटलीत पन्नास वर्षं
पोटभाडेकरूंसारख्या खेटून राहिलेल्या.
रंग फसवतो. माप फसवतं.
पायांवरचे काटे मोजावेत, तर तेवढेच.
डोळे इकडे आठ, तिकडेही आठ,
आणि सोळांपैकी एकही काही सांगत नाही.

मग उरतं ते एवढंसं:
नराच्या स्पर्शपादाच्या टोकाशी, बोंडात दडलेला
एक आकडा, तो किती वळलाय
आणि वळता वळता कुठे थांबलाय.
मादीच्या पोटाखाली काळी तकतकीत पट्टी,
तिच्यातली खोबण
वाटीसारखी की पळीसारखी.
"कुलूप आणि किल्ली," ओयार्स वर्गात सांगायचा म्हणे,
आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची.

ती पट्टी सोडवून घेते. मी श्वास रोखून.
लवंगेच्या तेलाचा एक थेंब,
आणि मांस हळूहळू काचेसारखं होतं,
आतली वेटोळी दिसू लागतात.
तळघरभर नाताळच्या बिस्किटांचा वास.
वरचा पहारेकरी जिन्यातून वाकून विचारतो,
"भाजताय काय?"
"कोळी," ती मान वर न करता म्हणते.

नर बारा. सात इकडचे, पाच तिकडचे.
आकड्यानं साक्ष दिली, वाद मिटला.
माद्या नऊ.
चार सुटल्या.
उरलेल्या पाच
सुईखाली उलटल्या, सुलटल्या,
खोबण धड वाटी नाही, धड पळी नाही.
तीनदा भिंग बदललं. कॉफीवर साय धरली.

"जिवंत असत्या," ती म्हणाली,
"तर त्यांच्यावरच सोपवलं असतं.
नर समोर येऊन नाचतो.
स्पर्शपाद उचलतो, पाय थरथरवतो,
जातीजातीचा ठेका निराळा.
ठेका चुकला की ही तोंड फिरवून चालू लागते.
हिला भिंग लागत नाही."

थोडा वेळ नुसती दिव्याची घरघर.

"ओयार्सला नाच यायचा नाही.
आमच्या लग्नात अख्खी संध्याकाळ
माझ्या पायावर पाय."

नवं नाव मिळालेले नव्या नळ्यांत गेले.
पाच जणी जुन्याच बाटलीत परतल्या.
आमच्यात जुनी चिठ्ठी काढून टाकत नाहीत,
चुकलेली असली तरी.
नवी तिच्या शेजारी पडते, एवढंच.
स्कायद्रीतेनं टोक काढलं, लिहिलं:
मादी, पाच. जात, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
मग ते प्रश्नचिन्ह पुन्हा एकदा गिरवलं, जरा ठळक.
खाली तारीख, आणि तेच आडनाव
जे शेजारच्या चिठ्ठीवर आहे.

मद्यार्कात दोन्ही कागद तरंगत खाली गेले
आणि तळाशी एकमेकांना चिकटले.
मी सुईनं सोडवायला गेलो.
"राहू दे," ती म्हणाली.

पुढच्या बाटलीत चाळीस होते.